वजा पंच्याण्णव

सांगलीच्या मार्केट यार्डात, गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून
मी संगणकाला विचारलं, या कार्डाचा वेग बदलू का?
तो म्हणाला, वजा पंच्याण्णव.
म्हणजे ही सोय इथं नाही.
राग नाही, माफी नाही.
सरकारी खिडकीसुद्धा निदान उद्या या म्हणते.

खाली हळदीचा सौदा चाललेला.
हवा इतकी पिवळी
की कीबोर्डवरची निम्मी अक्षरं दिसतच नाहीत,
बोटांनाच ठाऊक.

काट्याची पेटी जुनी, तिच्यातलं नेटवर्क कार्ड त्याहून जुनं.
बनवणारी कंपनी बुडाली. माहितीपुस्तक सापडलं अर्धं,
तेही स्कॅन करताना तिरकं गेलेलं.
ड्रायव्हर लिहिला होता कुणीतरी, कधीतरी, घाईत :
पाकीट आत, पाकीट बाहेर,
संपलं.

आणि रोज बाराला, गर्दी टिपेला पोचली
की वजनं गळायची.
पोती चाळीस, नोंद एकतीस.
कार्डाकडं कोण बघतंय, माणसं तोलाराकडं बघायची.
तोलार माझा बाप.
तो काही बोलायचा नाही,
दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहायचा,
झडतीला उभा राहावा तसा.

इरफाननं स्विचवर वेग ठोकून बसवलेला :
शंभर, दोन्ही बाजूंनी, बोलणी बंद.
इकडं कार्ड बिचारं बोलणीची वाट बघतंय.
त्याला समोरून वेग कळतो, रीत कळत नाही.

हे मला पुस्तकात समजलं नाही.
नेमगोंडाकाकांनी रुमाल टाकला माझ्या हातावर,
खालून चार बोटं दाबली, मग दोन.
बोल किती?
मी विचारलं, काका, समोरच्यानं हातच आखडला तर?
"तर काय. कमीतलं कमी धरायचं
आन् गप बसायचं."

तेच. अगदी तेच.
कार्ड कमीतलं कमी धरून बसलं होतं :
एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं.
समोरचा मात्र थांबत नव्हता.
बाराच्या गर्दीत दोघं एकदम बोलत,
आणि मध्ये माझ्या बापाची नऊ पोती.

कर्नेलच्या तक्त्यात या ड्रायव्हरचे दोन खिसे रिकामे होते,
एक वेग सांगायचा, एक वेग ठरवायचा.
रिकाम्या खिशात हात गेला
की वजा पंच्याण्णव.
सांगणारा खिसा संध्याकाळत शिवला.
ठरवणाऱ्यानं अकरा दिवस खाल्ले.
सहाव्या दिवशी कार्ड मधेच गारठलं, भर सौद्यात,
खालून हाळी आली, "ए पोरी, काटा मेला गं!"
दुवा आधी पाडायचा, मग आकडे लिहायचे,
मग उठवायचा. मी लिहिलं होतं उलटं.

आता कुणी या म्हाताऱ्याकडं हजार मागितले
तर तो वजा बावीस म्हणतो :
तुझं मागणं चुकलं.
वजा पंच्याण्णवपेक्षा हे बरं.
निदान त्यानं ऐकून तरी घेतलं.

शनिवारी नवा कर्नेल चढवला.
इरफाननं स्विचचं कुलूप काढलं, दोघांना बोलू दिलं.
हिरवा दिवा लागला, विझला,
लागला
आणि राहिला.
बारा वाजले. साडेबारा. पोती चाळीस, नोंद चाळीस.

बाप जिना चढून वर आला, पहिल्यांदाच.
पायांचे पिवळे ठसे पायरीपायरीवर.
"कितीला तुटला गं?"
शंभर, मी म्हटलं. दोन्हीकडनं.
"म्हंजे?"
म्हणजे एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं.
त्यानं जरा विचार केला.
"बाजारात न्हाई असं कोण करत,"
म्हणाला, आणि खाली जाताना
हात पाठीमागं बांधायचे
विसरला.